पू म्हणजे जंतुसंसर्गच असे नाही : औषध अंगावर उठून येणाऱ्या पुटकुळ्यांविषयी

निळी शाई (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या आईला एका नेहमीच्या प्रतिजैविकाची रिॲक्शन आली. त्यावर सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते. आता ती पूर्ण बरी आहे, कागदपत्रे हाताशी आहेत आणि तारखा मी तेव्हाच वहीत टिपून ठेवल्या होत्या, म्हणून हा धागा काढते आहे.

आईची हिरडी सुजली होती, त्यासाठी तिला अमोक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांची एकत्रित गोळी दिवसातून दोनदा घ्यायला सांगितली होती. पहिली गोळी तिने रविवारी रात्री घेतली. सोमवारी संध्याकाळी काखेत आग होते आहे असे ती म्हणाली. पाहिले तर दोन्ही काखा आणि मानेच्या घड्या काळपट लाल झाल्या होत्या. घामोळे असेल असे समजून आम्ही पावडर लावली. मंगळवारी पहाटे १०२ ताप, चेहरा सुजलेला, आणि त्या लालीवर बारीक पांढरट ठिपके. खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात पाहिले तेव्हा दिसले की प्रत्येक ठिपका म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी, पुवाने भरलेली पुटकुळी आहे. काखेतल्या तर इतक्या दाट होत्या की बोटाचे टोक मोकळ्या त्वचेवर टेकवायला जागा नव्हती.

पू दिसताच घरातल्या सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की दाताचा संसर्ग अंगभर पसरला. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनाही तसेच वाटले. त्यांनी पहिली गोळी चालू ठेवून तिच्या जोडीला दुसरे प्रतिजैविक दिले. मंगळवारच्या दोन्ही गोळ्या मी माझ्या हाताने आईला दिल्या. त्या रात्री पुटकुळ्या पोटावर, पाठीवर आणि मांड्यांवर उतरल्या, आणि बुधवारी सकाळी तिला रुग्णालयात दाखल करावे लागले.

तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी आईला तपासण्याआधी मला एकच गोष्ट विचारली : गेल्या तीन आठवड्यांत तिने कोणकोणती औषधे घेतली आणि प्रत्येक औषध कोणत्या तारखेला सुरू झाले. त्यानंतर त्यांनी भिंगातून पुटकुळ्या पाहिल्या, पांढऱ्या पेशी मोजल्या (१९,००० च्या वर, त्यांतही बहुतांश न्यूट्रोफिल), पुवाचा नमुना जंतू वाढतात का हे पाहायला कल्चरला पाठवला आणि त्वचेचा छोटा तुकडा काढून बायोप्सीला दिला. दोन्ही प्रतिजैविके त्याच तासाला बंद झाली. कल्चरमध्ये काहीही उगवले नाही. पू होता, पण जंतू नव्हते.

या आजाराचे नाव ॲक्यूट जनरलाइज्ड एक्झँथेमेटस पस्ट्युलोसिस. डॉक्टर त्याला थोडक्यात एजेप म्हणतात. तो दुर्मीळ आहे, दर १० लाख लोकांमागे वर्षाला साधारण १ ते ५ जणांना होतो. जवळजवळ ९० टक्के वेळा त्याचे कारण औषध असते. औषध वेळेत थांबले तर बहुतेक रुग्ण साधारण दोन आठवड्यांत पूर्ण बरे होतात. आईच्या पुटकुळ्या चौथ्या दिवशी सुकू लागल्या, मग त्वचेचे पातळ पापुद्रे सुटू लागले, आणि सोळाव्या दिवशी काखेतला थोडा काळेपणा सोडला तर काही उरले नव्हते.

इथे त्वचारोगाचे जाणकार असतील तर त्यांनी भर घालावी. ज्यांना स्वतःला असा अनुभव आला असेल त्यांनीही अवश्य लिहावे.

त्वचावैद्य

धागा फार उपयोगी आहे. आपण तारखा टिपून ठेवल्या ही गोष्ट सर्वांत मोलाची, कारण या निदानात रक्ताच्या तपासणीइतकेच महत्त्व औषधांच्या कालक्रमाला असते.

या आजाराला स्वतंत्र ओळख मिळायला बराच काळ लागला. १९६८ मध्ये बेकर आणि रायन यांनी पुवाळलेल्या सोरायसिसच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना काही जण असे आढळले की ज्यांना आधी कधीच सोरायसिस नव्हता, ज्यांचा आजार झपाट्याने आला आणि तसाच ओसरला. १९८० मध्ये फ्रान्समधील बेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आजचे नाव दिले. १९९१ मध्ये रूजो यांनी ६३ रुग्णांच्या नोंदींवरून निदानाचे निकष मांडले.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला धावतात, त्यामुळे पू म्हणजे जंतू असे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलेले असते. एजेपमध्ये त्यांना बोलावणारा जंतू नसतो. औषधाला ओळखणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्वचेत शिरतात आणि सीएक्ससीएल८ नावाचा रासायनिक निरोप सोडतात, त्या निरोपावर न्यूट्रोफिल वरच्या थरात गोळा होतात. पुटकुळी भरते ती त्यांनीच. म्हणून सुरुवातीला ती निर्जंतुक असते. पुढे त्वचा उघडी पडल्यावर त्यावर जंतू बसू शकतात हे मात्र खरे, आणि तसा संसर्ग सिद्ध झाला तरच प्रतिजैविकाचा विचार होतो. तेही संशयित औषधाच्या कुळाबाहेरचे.

पाहताना माझे लक्ष पुढील गोष्टींकडे असते. सुरुवात बहुधा चेहऱ्यावर किंवा घड्यांमध्ये, म्हणजे काख, जांघ, मान येथे होते आणि काही तासांत पुरळ अंगभर पसरतो. पुटकुळ्या पाच मिलिमीटरहून लहान असतात, शेकड्यांनी असतात आणि केसांच्या मुळाशी धरून नसतात. मधोमध केस दिसत असेल तर केसतूड किंवा मुळांचा संसर्ग आधी मनात येतो. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर असतो, रक्तात न्यूट्रोफिल ७,००० च्या वर जातात, आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्यातील रुग्णांत इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीही थोड्या वाढतात. गडद वर्णाच्या त्वचेवर लाली फसवते. ती जांभळट किंवा काळपट दिसते, त्यामुळे रंगापेक्षा सूज, ऊब आणि आग यांवर भर द्यावा.

वाटसरू

मला स्वतःला हे झाले होते, पण माझा क्रम आपल्या आईपेक्षा अगदी वेगळा होता. सांध्यांच्या आजारासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केले आणि पुरळ आला तो अठराव्या दिवशी. इतक्या दिवसांनी आलेल्या पुरळाचा त्या गोळीशी संबंध असेल असे मला वाटले नाही, म्हणून मी आणखी तीन दिवस ती घेत राहिलो. गोळी बंद केल्यावरही नव्या पुटकुळ्या येणे थांबायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या काळात मी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून पोटावरची एक हाताएवढी जागा पेनाने आखून घ्यायचो आणि त्या चौकोनात किती नव्या आल्या ते मोजायचो. आकडा कमी होत नव्हता तेव्हा निदानच चुकले असावे अशी भीती वाटे. हे औषध इतके रेंगाळते का?

त्वचावैद्य

होय, आणि आपला अनुभव या औषधाच्या बाबतीत ओळखीचा आहे. प्रतिजैविकांमुळे होणारा एजेप बहुधा एक-दोन दिवसांत उठतो, पण इतर काही औषधांना साधारण ११ दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतात. युरोपातील मोठ्या अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, जोखीम ठळकपणे वाढवणारी म्हणून जी औषधे पुढे आली त्यांत प्रिस्टिनामायसिन हे प्रतिजैविक, ॲम्पिसिलिन-अमोक्सिसिलिन, क्विनोलोन गटातील प्रतिजैविके, सल्फा औषधे, नायट्यावर देतात ते टर्बिनाफिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रक्तदाबावर दिले जाणारे डिल्टियाझेम यांचा समावेश होता. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शरीरातून निघायला कित्येक आठवडे ते महिने लागतात, त्यामुळे गोळी थांबली तरी औषध थांबलेले नसते. आपण चौकोन आखून मोजणी केलीत ती पद्धत चांगली आहे. डॉक्टरांना "वाढते आहे" यापेक्षा "काल ३०, आज ४२" हे सांगणे कितीतरी उपयोगी पडते.

जुनी वही

मला एक शंका आहे. माझ्या भावाला लहानपणापासून सोरायसिस आहे. त्याच्या अंगावर अशा पुटकुळ्या उठल्या तर तो सोरायसिस समजायचा की औषधाची रिॲक्शन? आणि अशा वेळी स्टिरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू कराव्यात का? ओळखीतले काही जण त्या घरात ठेवूनच असतात.

त्वचावैद्य

या प्रश्नासाठी आपले आभार, कारण इथे चूक महाग पडते. पुवाळलेला सोरायसिस आणि एजेप वरून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. सोरायसिसचा पूर्वेतिहास, सांधेदुखी, हळूहळू आलेला आणि आठवडेच्या आठवडे टिकणारा किंवा पुन्हा पुन्हा येणारा पुरळ सोरायसिसकडे बोट दाखवतो. नुकतेच सुरू केलेले औषध, एकदम आलेला पुरळ आणि औषध थांबताच आलेला उतार एजेपकडे दाखवतो. बायोप्सीतही फरक दिसतो : एजेपमध्ये वरच्या थरातील पुवाच्या पोकळीबरोबर खालच्या थराला सूज असते आणि इओसिनोफिल सापडतात, तर सोरायसिसमध्ये त्वचेचा थर जाड झालेला असतो. तरीही काही रुग्णांत सुरुवातीचे काही दिवस ठामपणे सांगता येत नाही, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करून रोज पाहत राहणे हेच योग्य असते.

स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने कधीही सुरू करू नयेत, आणि सोरायसिस असलेल्याने तर नाहीच. त्या अचानक थांबल्या की सोरायसिस पुवाळलेल्या रूपात उसळू शकतो. एजेपमध्ये पुरळ पसरलेला असेल आणि त्रास जास्त असेल तर आम्ही सहसा तीव्र स्टिरॉइड मलम देतो. पोटातून स्टिरॉइड काही निवडक रुग्णांनाच, थोड्या दिवसांसाठी आणि देखरेखीखाली द्यावे लागते. बऱ्याच रुग्णांना औषध बंद करणे, मलम आणि खाज-ताप यांवरचे उपाय एवढेच पुरते.

पाणवठा

आमच्या घरी अशीच वेळ आली होती तेव्हा शेजाऱ्यांनी स्टीव्हन्स-जॉन्सनचे (औषधामुळे त्वचा सोलून निघणाऱ्या गंभीर आजाराचे) नाव घेऊन घाबरवून सोडले होते. दोन्हींतला फरक घरच्या माणसाला कळू शकतो का?

परिचारिका

मी त्वचारोग विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून जे रोज पाहिले ते सांगते. निदान डॉक्टरांनीच करायचे, पण रुग्णाला तातडीने कधी आणायचे हे घरच्यांना कळलेच पाहिजे. डोळे लाल होऊन चिकटू लागले, तोंडात, ओठांच्या आतल्या बाजूला किंवा जननेंद्रियांवर फोड अथवा व्रण आले, त्वचा खाजण्याऐवजी दुखू लागली, मोठे फोड आले किंवा हलक्या हाताने स्पर्श करताच त्वचा चादरीसारखी सरकू लागली, तर एक मिनिटही थांबू नका. स्टीव्हन्स-जॉन्सनची वाट ती आहे. एजेपमध्ये पाचांपैकी साधारण एका रुग्णाच्या ओठांवर किंवा तोंडात थोडे काही दिसते, पण ते सहसा एकाच जागी आणि सौम्य असते. फसगत अशी होते की पुटकुळ्या एकमेकींत मिसळल्या की एजेपमध्येही वरचा पातळ थर सुटतो आणि तो प्रकार अधिक गंभीर वाटतो. म्हणून "सालपट निघते आहे" एवढ्यावर घरी काही ठरवू नये, रुग्णाला दाखवावे.

याशिवाय लघवी कमी होणे, धाप लागणे, डोळे पिवळे दिसणे आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागणे या खुणांकडेही लक्ष ठेवावे. एजेपमध्ये सुमारे १७ टक्के रुग्णांत यकृत, मूत्रपिंड किंवा फुप्फुस यांच्यावर परिणाम झालेला एका अभ्यासात आढळला होता, आणि तो प्रामुख्याने वयस्क व आधीपासून आजारी असलेल्यांत अधिक काळजीचा ठरतो. मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे, पण जे दगावतात त्यांच्यात हेच लोक जास्त असतात. म्हणून वय झालेल्या माणसाचा ताप आणि पुरळ "उद्या बघू" म्हणून घरी ठेवू नये.

काळजी घेण्याबाबत सांगायचे तर पुटकुळ्या फोडू नका, सुईने टोचू नका, घासून पुसू नका. पुरळ ओला असेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाची ओली पट्टी ठेवावी. सालपटे निघू लागली की पट्टी बंद करून साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर भरपूर लावावे. कपडे सुती आणि सैल असावेत, घड्यांत घाम साठू देऊ नये. पातळ सालपटे ओढून काढायचा मोह होतो, विशेषतः तळहातांवर. तिथे नखाने ओढलेली एक पट्टी खालची कोवळी त्वचा घेऊन निघते आणि संसर्गाला वाट तिथूनच मिळते. कात्रीने मोकळे टोक कापावे, ओढू नये.

औषधनिर्माता

मला एका मुद्द्यावर भर द्यावीशी वाटते. रिॲक्शन आल्यावर लोक "ती पांढरी लांबट गोळी" किंवा केवळ ब्रँडचे नाव लक्षात ठेवतात. तोच घटक वेगळ्या नावाच्या, वेगळ्या रंगाच्या पाकिटात पुन्हा हातात येतो, आणि तो कधी खोकल्यासाठी, कधी दातासाठी, कधी लघवीच्या संसर्गासाठी दिलेला असतो. म्हणून पाकिटावर लहान अक्षरांत छापलेले मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे, आणि एकत्रित गोळीत दोन घटक असतील तर दोन्हींचे.

दुसरे असे की अमोक्सिसिलिन ज्यांना चालत नाही त्यांना ॲम्पिसिलिन चालणार नाही असेच धरून चालावे. सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकांपैकी सेफाड्रॉक्सिलच्या रेणूची बाजूची साखळी अमोक्सिसिलिनसारखीच आहे, तर सेफॅलेक्सिन आणि सेफॅक्लोर यांची ॲम्पिसिलिनसारखी, त्यामुळे "ते तर दुसऱ्या गटाचे" म्हणून ही औषधे परस्पर देता येत नाहीत. सगळीच सेफॅलोस्पोरिन कायमची वर्ज्य होतात असेही नाही. कोणते चालेल हे तज्ज्ञांनी ठरवायचे.

आणि एक विनंती. हृदयाची, अपस्माराची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असताना पुरळ आला तर ती घरीच कायमची बंद करून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्या गोळीच्या जागी दुसरे काय द्यायचे हे त्याच वेळी ठरावे लागते.

जुनी वही

उत्तरांबद्दल मनापासून आभार. निळी शाई, आपल्या आईला दोन प्रतिजैविके दिली होती, मग नेमके कोणते दोषी हे कसे ठरले? बरे झाल्यावर तेच औषध थोडेसे देऊन पाहतात का?

निळी शाई

पुन्हा देऊन पाहणे इथे सहसा टाळतात, कारण दुसऱ्या वेळी पुरळ आणखी लवकर आणि जोराने उठू शकतो. आमच्या बाबतीत पहिला पुरावा वहीच होती : काखेतली आग सोमवारी संध्याकाळी सुरू झाली आणि दुसरे प्रतिजैविक मंगळवारी दुपारी दिले गेले. जे औषध अजून पोटात गेलेच नव्हते त्याने पुरळ कसा येणार? हे डॉक्टरांनी वहीतल्या ओळींवर बोट ठेवून मला दाखवले.

त्यानंतर आई पूर्ण बरी होऊन सहा आठवडे झाल्यावर पाठीवर पॅच टेस्ट झाली. संशयित औषधे ठराविक प्रमाणात मिसळून छोट्या चकत्यांत भरतात, त्या दोन दिवस पाठीला चिकटवून ठेवतात, आणि मग ती जागा पुन्हा पुन्हा पाहतात. चौथ्या दिवशी अमोक्सिसिलिनच्या चकतीखाली रुपयाएवढी लाल जागा आणि तिच्यावर तीन-चार बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणि दुसरे प्रतिजैविक यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितले की एजेपमध्ये ही चाचणी जवळजवळ निम्म्या रुग्णांतच सकारात्मक येते, त्यामुळे ती नकारात्मक आली असती तरी इतिहास इतका स्वच्छ असताना अमोक्सिसिलिन तिला पुन्हा दिले नसते.

आईच्या पाकिटात मी आता एक कार्ड ठेवले आहे. त्यावर लिहिले आहे : "अमोक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिन देऊ नये. अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घेतल्यावर एजेप झाला होता, बायोप्सी व पॅच टेस्टने सिद्ध. सेफाड्रॉक्सिल, सेफॅलेक्सिन, सेफॅक्लोर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये."

त्वचावैद्य

कार्ड उत्तम आहे. त्यात दोन गोष्टी आणखी लिहा : पहिली गोळी ते पुरळ यांतील अंतर, आणि पुरळाचे स्वरूप. केवळ "ॲलर्जी" किंवा नुसते आजाराचे नाव पाहून पुढचा डॉक्टर अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या असतील असे समजू शकतो. ती लगेच होणारी ॲलर्जी वेगळ्या जातीची आणि तिच्या चाचण्याही वेगळ्या.

निळी शाई

आजच नवे कार्ड केले. "पहिल्या गोळीनंतर सुमारे २० तासांनी काखेत सुरुवात; दुसऱ्या दिवशी ताप आणि निर्जंतुक पुवाच्या पुटकुळ्या; १६ दिवसांत बरे" असे त्यावर वाढवले आहे. एक प्रत आईच्या दंतवैद्यांच्या केसपेपरला लावली. हिरडीचा उपचार अर्धवट राहिला होता, तो पुढच्या आठवड्यात आहे.